नऊ नंबरचा खिळा

हे मी आजवर सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो त्यांनाही नाही. बारा पावसाळे पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं – आणि तेव्हा जीभ अशी अडखळली, की काही गोष्टी मागेपुढे झाल्या, एक-दोन राहूनच गेल्या. म्हणून लिहितोय. लिहिलं की काय राहिलं ते दिसतं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे – किती आले, किती गेले, किती उरले. मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय. ती घरीही आली. आमच्या चाळीत प्रसादाच्या पुड्यांपासून टाकीतल्या पाण्याच्या इंचांपर्यंत काहीही मोजायचं निघालं, की लोक म्हणायचे, भाऊला बोलवा. भाऊ म्हणजे मी. भाऊने आकडा सांगितला की तो पुन्हा कुणी मोजत नसे. मला ह्याचा अभिमान होता. हे आधीच सांगतो, कारण माझं खोटं चाळीला पटलं ते ह्याच नावामुळे.

आमची चाळ परळच्या सखल भागात. तळमजल्यावर सोळा खोल्या, वर दोन मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर, अगदी जिन्याच्या तोंडाशी. आमच्याकडे दिवसभर कुणीतरी घरात असायचंच – आधी आई, मग आलटून-पालटून कुणी ना कुणी – त्यामुळे तळमजल्यावरची माणसं कामावर जाताना, कोकणात गावी जाताना किल्ली आमच्याकडे ठेवून जात. पूर्वी त्या किल्ल्या एका डब्यात पडलेल्या असत. कुठली कुणाची, रोज गोंधळ. मग मी दारामागे लाकडी फळी ठोकली, तिच्यावर सोळा खिळे मारले आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगाने खोलीचा नंबर घातला. लोक हसले. भाऊचं लॉकर म्हणायचे. पण त्यानंतर एकही किल्ली कधी चुकली नाही.

नऊ नंबरची खोली परबांची. प्रकाश परब गाडी चालवायचा, पहाटे निघायचा. त्याची बायको सुजाता वडाळ्याला तयार कपड्यांच्या एका युनिटमध्ये कामाला होती – शिवून आलेले शर्ट तपासायचे, उसवलेली शिवण, कमी पडलेलं बटण बाजूला काढायचं. तिच्या टेबलावरून खराब शर्ट पुढे जात नाही, असं तिचे साहेब म्हणतात, हे ती फार आनंदाने सांगायची. आणि घरात प्रकाशचे वडील, आबा. जन्मभर गिरणीत राबलेला माणूस. शेवटी शेवटी विसरायला लागले होते. एकदा दुसऱ्या पाळीला जातो म्हणून घरातून निघाले आणि चिंचपोकळीला एका बंद गेटसमोर दोन तास उभे राहिलेले सापडले. त्यानंतर सुजाता कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागली. खिडकी उघडी, पंखा चालू, जेवण झाकून ठेवलेलं, आणि किल्ली आमच्या फळीवर. चार वाजता आमच्यापैकी कुणीतरी खाली जाऊन त्यांना चहा द्यायचा. हे साऱ्या चाळीला माहीत होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दुसरं ती काय करणार होती?

आता त्या दिवसाचं. मला ताप होता, मी घरी होतो. माझी बायको सुनंदा दादरला शाळेत शिकवते. ती सकाळीच गेली होती. सव्वानऊला सुजाता वर आली. छत्री दाराबाहेर टेकवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आबांना खोकला आहे, आज चहात आलं घाला. मी किल्ली नऊ नंबरच्या खिळ्याला लावली. ह्याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि नंतरही कधी नव्हती. तिचा हात ओला होता, हेसुद्धा मला आठवतं.

मग पाऊस वाढला. दुपारी भरतीची वेळ आली आणि पाणी उतरायचं थांबलं. आमच्याकडे पाणी मोजायचं तर जिन्याच्या पायऱ्यांवर. एक पायरी सात इंच. दीड वाजता पहिली पायरी गेली. सव्वादोनला तिसरी. तोपर्यंत मी वही घेऊन जिन्याच्या वळणावर उभा होतो. कामावर गेलेली, गावी गेलेली माणसं सोडून तळमजल्यावर त्या वेळी एकतीस माणसं असायला हवी होती. एकेक वर येत होतं – कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या काखेत मूल, एका आजींच्या हातात फक्त तांदळाचा डबा – आणि मी रेघ मारत होतो. ताप विसरलो होतो. सगळे माझ्याकडे बघून वर सरकत होते. तेव्हा मला – कसं सांगू – बरं वाटत होतं.

तीस झाली.

एकतिसावं माणूस कोण, हे शोधायला मला वही उघडावी लागली नाही. मी घरात गेलो, नऊ नंबरच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि खाली आलो. तोवर पाणी पाचव्या पायरीवर होतं. म्हणजे पस्तीस इंच. माझ्या कमरेइतकं. नऊ नंबर त्या टोकाला, मोरीच्या बाजूला. जिन्यापासून चाळीस पावलं. व्हरांड्याच्या कडेने गटार जातं, त्याची झाकणं उचकटली होती; पाणी तिथे गरगरत होतं. वीज बंद केलेली. मी चौथ्या पायरीवर पाय ठेवला. पाणी पोटरीला लागलं. ते गार नव्हतं, हे आठवतं. मी कठडा धरून उभा राहिलो. किती वेळ? एवढं एकच मी मोजलेलं नाही.

मग मी पाय वर घेतला.

किल्ली पँटच्या खिशात टाकली. वरून दत्तारामने विचारलं – दत्ताराम आमच्या शेजारचा, गोदीत माल चढवायच्या कामावर होता – त्याने विचारलं, आले काय रे सगळे?

मी म्हणालो, "एकतीस."

हा माझा गुन्हा. पुढचं सगळं ह्या एका आकड्यातून निघालं.

मला पोहता येत नाही. पण दत्तारामलाही येत नाही. हे मी त्याला गेल्या महिन्यात मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "पोहूक कोणाक येता? म्हातारो हाका मारी होतो."

त्या दुपारी, मी आकडा सांगितल्यावर चाळीस मिनिटांनी, आबांनी हाका मारत खिडकीच्या गजांवर ताट आपटायला सुरुवात केली. दत्तारामने ऐकलं, पहार घेतली आणि माझ्या शेजारून खाली उतरला. मी त्याला किल्ली देऊ शकलो असतो. तेव्हासुद्धा. हात पुढे करायचा होता, एवढंच. पण मग मघाशी सांगितलेला एकतीस कुठून आला, हे सांगावं लागलं असतं. त्याने कुलूप फोडलं. आबा खाटेवर उभे होते. नऊ नंबरची जमीन व्हरांड्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. खाटेची उंची वजा करून मी नंतर हिशेब केला – खाटेच्या वर अडतीस इंच पाणी. आबा ठेंगणे होते. म्हणजे त्यांच्या कमरेच्या वर. दत्तारामने त्यांना खांद्यावर घालून वर आणलं तेव्हा ते काकडत होते आणि मला पाहून म्हणाले, "चाय जाली काय रे?"

सगळे हसले. मीही हसलो. आबा वाचले. त्यानंतर चार वर्षं जगले आणि म्हातारपणाने, अंथरुणात गेले. हे लिहिताना आजही माझ्या छातीतून एक श्वास मोकळा होतो. तो माझ्यामुळे नाही, दत्तारामच्या कानांमुळे.

हसणं थांबल्यावर तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "पण भाऊ, किल्ली तुझ्याकडे असते ना?"

मी काय केलं ते आता नीट सांगतो. मी त्याला घरात नेलं. दारामागची फळी दाखवली. नऊ नंबरचा खिळा रिकामा होता. मी म्हणालो, आज सुजाताने किल्ली दिलीच नाही. किल्ली नाही म्हणजे आबा घरात नाहीत, त्यांना कुणाकडे तरी पोचवलं असेल, असं मी धरलं आणि त्यांना सुखरूप म्हणून आकड्यात घेतलं. बोलताना किल्ली माझ्या मांडीला टोचत होती.

कुणी शंका घेतली नाही. का घेतील? फळी समोर होती, खिळा रिकामा होता, आणि सांगणारा मी होतो.

सुजाता वडाळ्याहून पाण्यातून चालत संध्याकाळी पोचली. जिन्यातच तिला चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. तिने आबांना पाहिलं, त्यांचे पाय पुसले आणि मग गॅलरीत बसून पर्स उलटी केली. पास, डबा, रुमाल, गोळ्यांची पट्टी, केसांच्या पिना. किल्ली नाही. अस्तर चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे आली.

"भाऊ, मी सकाळी दिली ना हो किल्ली?"

"दिली असतीस तर खिळ्यावर असती, सुजाता."

हे मी बोललो. शांतपणे बोललो. वर सुस्कारासुद्धा टाकला असेन.

ती भांडेल असं मला वाटलं होतं. भांडली असती तर कदाचित मी मोडलोही असतो – पण हे पुन्हा स्वतःसाठी पळवाट काढणं झालं. ती भांडली नाही. ती आठवायला लागली. मला दिसत होतं, ती सकाळ पुन्हा पुन्हा चालवून पाहत होती आणि दर वेळी ती थोडी पुसट होत होती. शेवटी म्हणाली, मग वाटेत पडली असेल.

पाणी ओसरल्यावर मदतीचं काम सुरू झालं. समोरच्या मंडळाच्या हॉलमध्ये आठ दिवस खिचडी शिजली. चटया, चादरी, ताडपत्र्या, औषधं, ब्लीचिंग पावडर – लोकांनी टेम्पो भरभरून पाठवलं, आणि कुणाला काय द्यायचं ह्याची यादी मी केली. खोली, माणसं, लहान मुलं, आजारी, पाणी किती चढलं, काय भिजलं. एकही घर दोनदा आलं नाही, एकही राहिलं नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी तीच यादी उतरवून घेतली. ते काम मी चोख केलं. आजही म्हणतो, चोख केलं. गटारातला गाळ उपसताना एके दुपारी मी खिशातली किल्ली त्या गाळात टाकली आणि वर दोन फावडी ओढली. त्याच आठ दिवसांत.

सुजाता रोज सकाळी सात वाजता हॉलमध्ये यायची. कांदे चिरायची, पातेली घासायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती फेडायला येत होती – आणि फेडण्यासारखं काही नव्हतंच, हे मला एकट्याला माहीत होतं. तिची नणंद, वत्सलाताई, दादरहून वडिलांना बघायला आली आणि भर हॉलमध्ये म्हणाली, सासरा पाण्यात आणि किल्ली हिच्या पर्समध्ये फिरायला. मी तेव्हा तीन हात अंतरावर तांदळाच्या पिशव्या मोजत होतो. आकडा चुकला नाही माझा.

महिन्याभरात सुजाताने काम सोडलं. सुनंदाने तिला समजवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, जिला घरच्या किल्लीचं भान नाही, तिने दुसऱ्यांच्या शिवणी काय तपासायच्या? सुनंदाने हे मला जेवताना सांगितलं. मी ताक मागून घेतलं.

पुढे मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. भाषणात कुणीतरी म्हणालं, भाऊंच्या यादीत माणूस चुकत नाही. टाळ्यांत सुजाताही होती.

आणि एक गोष्ट, जी गेल्या महिन्यात सांगताना राहिली. त्यानंतर सुजाता बाजारहाटाला जाताना किल्ली द्यायला आली, की हातात ठेवून लगेच सोडायची नाही. म्हणायची, मिळाली म्हणा. आपण "मिळाली" म्हटलं, की मग बोटं सैल करायची. मुलं तिची नक्कल करायची. मी किती वेळा "मिळाली" म्हटलं असेल? आबा असेपर्यंतची चार वर्षं तर नक्की.

मग मी आत्ताच का बोललो? मोठं काही कारण नाही. ह्या जूनमध्ये पावसाळ्याच्या तयारीची सभा होती, त्याच हॉलमध्ये. चाळीत नवी बिऱ्हाडं आली आहेत, त्यांना सूचना द्यायच्या होत्या. मी खुर्चीवर. आणि सुजाता बायकांमधून उठून उभी राहिली. आता तिचे केस पांढरे झालेत. ती त्या नव्या मुलींना म्हणाली, घरात म्हातारं माणूस असेल तर किल्ली शेजारी दिली की नाही ते दोनदा बघत जा, मी एकदा विसरले होते, आमचे आबा बुडता बुडता वाचले. आवाजात रडणं नव्हतं, काही नव्हतं. आपलं नाव-गाव सांगावं तसं सांगितलं. आणि खाली बसली.

मी तेव्हाही गप्प बसलो. पुढचा विषय घेतला – गच्चीवरची गळती.

पण त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सुनंदा पोळ्या करत होती. तिला ओट्याशीच सगळं सांगितलं. तिने तवा उतरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी तिला सांगून या. मग घरात बसा."

मी खाली गेलो. सुजाता दाराशी मेथी निवडत होती. प्रकाश कामावर होता. ती म्हणाली, या भाऊ, बसा, चहा टाकते. मी म्हणालो, नको, आधी ऐक. आणि सांगितलं. उभ्यानेच. सव्वानऊला तू किल्ली दिलीस, मी खिळ्याला लावली, मीच काढली, पाण्याला भ्यायलो, खिशात टाकली, तुझं नाव सांगितलं, गाळात पुरली. ह्याच क्रमाने सांगितलं असं नाही, पण सांगितलं.

मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली,

"म्हणजे मी दिली होती."

"हो."

"आलं घाला म्हणाले होते मी. चहात."

"हो. खोकला होता आबांना."

ती हसली. माझ्याकडे बघून नव्हे – समोरच्या भिंतीकडे बघून. बारा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मला तेच आठवायचं. आल्याचं. मग वाटायचं, तो दुसरा कुठला तरी दिवस असेल." आणि पुन्हा म्हणाली, दिली होती मी. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. त्या क्षणी तिच्या मनात मी नव्हतोच. खरं सांगू? मला हलकं वाटलं. लाजेने मान खाली जायला हवी होती, ती गेलीही – पण आतून हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. तेवढं वाटण्याचा मला हक्क होता की नाही, ठाऊक नाही. वाटलं, म्हणून लिहिलं.

राग नंतर आला. आला तो स्वच्छ आला. भाजीचं ताट बाजूला सारून ती उभी राहिली. म्हणाली, "मला वेड लागलंय असं वाटायचं भाऊ मला. गॅस बंद केला का बघायला मी दादरच्या पुलावरून परत आलेय. तुम्ही वर बसून बघत होतात." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "चाळीत कुणाकुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ह्यांना मी सांगेन. पण ताईंना तुम्ही सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर."

तिने फोन लावला, माझ्या हातात दिला. वत्सलाताईंना मी तिसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, ह्या वेळी काही न गाळता. पलीकडे मिक्सर चालू होता, तो मधेच बंद झाला. फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला. मग ताई म्हणाल्या, "सुजाता आहे तिथं? तिला दे."

मी फोन दिला. सुजाताने तो पदराला पुसला, कानाला लावला आणि आतल्या खोलीत गेली. पडदा ओढून घेतला. मी मिनिटभर दाराशी उभा होतो. मग ध्यानात आलं की आता इथे माझं काही काम नाही. चपला घातल्या आणि वर आलो. ताई तिला काय म्हणाल्या, मला माहीत नाही.